देशाचा इतिहास आणि आजचे चित्रकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत चित्रकला शिकवते. वर्षातले तीन-चार रविवार मुलं, त्यांचे आईवडील आणि कधी सोसायटीतली हौशी मंडळी असा गट घेऊन डोंबिवलीहून मुंबईतल्या कलादालनांच्या भागात, काळा घोड्याला जाते. कलादालनात सगळे गप्प असतात. प्रश्न सुरू होतात ते परतीच्या लोकलमध्ये, बसायला जागा मिळाली की. तेच प्रश्न दर वेळी येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. विषय भारताचा, आणि कलावंत बहुतेक मुंबईशी नातं असलेले. काही कामं मी समोर उभी राहून पाहिली आहेत, बरीचशी छायाचित्रांतून आणि चित्रफितींतून.

देशाच्या इतिहासावर काम करायचं म्हणजे ऐतिहासिक प्रसंग रंगवायचा ना?

आपल्या डोळ्यांना तीच सवय आहे. पाठ्यपुस्तकातला राज्याभिषेक, दिनदर्शिकेवरची झाशीची राणी, दिवाणखान्यातले गांधीजी. ती परंपरा मोठी आहे आणि मला प्रिय आहे.

आजचे चित्रकार मात्र प्रसंगापेक्षा प्रसंगामागे जे उरतं ते हातात घेतात. एखादं भाषण, सरकारी नकाशा, वर्तमानपत्रात छापून आलेला फोटो, न पोहोचलेलं पत्र, दंगलीत खाली ओढलेलं दुकानाचं शटर, फाळणीत डोक्यावर घेतलेली पत्र्याची ट्रंक. घरातल्या कपाटात जुनी कागदपत्रं सापडली की आपण ती उलटसुलट करून वाचतो, आजोबांनी कुणाला काय शब्द दिला होता ते बघतो. हे कलावंत देशाच्या कपाटात तसा हात घालतात. देशाने स्वतःला आणि आपल्या माणसांना काही शब्द दिला होता. तो कुठवर पाळला गेला, हा प्रश्न मला या सगळ्या कामांच्या मुळाशी दिसतो. बाकी शैली, साहित्य आणि पिढी वेगवेगळी असेना का.

उदाहरण सांगा ना एखादं. नुसतं बोलून कळत नाही.

जितिश कल्लाट यांचं २००३ सालचं ‘पब्लिक नोटीस’ घ्या. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री नेहरूंनी केलेलं नियतीशी कराराचं भाषण आपल्या सगळ्यांच्या कानावर आहे. कल्लाट यांनी ते भाषण अ‍ॅक्रिलिकच्या मोठ्या आरशांवर रबराच्या चिकटद्रव्याने हाताने लिहिलं आणि अक्षरांना आग लावली. अक्षरं जळून काळी पडली, आणि उष्णतेने आरसाही वाकडातिकडा झाला. वाचायला पुढे गेलं की जळक्या शब्दांमधून आपलाच चेहरा दिसतो, तोही वेडावाकडा. गुजरातमधल्या २००२ च्या हिंसाचारानंतरच्या वर्षातलं हे काम आहे. एवढं माहीत असलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

चार वर्षांनी त्यांनी गांधीजींचं भाषण घेतलं. दांडीयात्रेच्या आदल्या संध्याकाळी, ११ मार्च १९३० रोजी, साबरमतीच्या काठी केलेलं. त्यातलं एकेक अक्षर फायबरग्लासचं बनवलं, हाडाच्या आकाराचं. अशी ४,४७९ अक्षरं फळ्यांवर ओळीने मांडली. उत्खननात निघालेले अवशेष संग्रहालयात ठेवावेत, तसं ते दिसतं. अहिंसेची शपथ वाचताना आपण हाडं वाचत असतो. मुलं सगळ्यात आधी हाडंच मोजायला लागतात, आणि मी त्यांना मोजू देते.

मग २०१० मध्ये शिकागो. विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्म परिषदेत केलेलं भाषण, ज्या इमारतीत ते झालं तिथेच, म्हणजे आताच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये, भव्य जिन्याच्या ११८ पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर दिव्यांनी लिहिलं. दिव्यांचे रंग पाच, आणि ते अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने दहशतवादी धोक्याची पातळी सांगायला ठरवले होते तेच. धर्मवेड संपावं अशी आशा व्यक्त करणारं भाषण ११ सप्टेंबरचं, आणि २००१ चा हल्लाही ११ सप्टेंबरचा. तारीख तीच, मधे १०८ वर्षं. एखादी पायरी चढली की एक ओळ मागे पडते, आणि भाषण पायाखालून जातं.

पण थोर माणसाचं भाषण जाळणं हा अपमान नाही का?

हा प्रश्न मला एका आजोबांनी विचारला होता, अगदी कळवळून. मी त्यांना म्हटलं, काका, भाषण जळालं म्हणूनच तुम्ही ते आज शेवटपर्यंत वाचलंत. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, खरं आहे, पण मला त्रास झाला. माझ्या मते तो त्रास हाच त्या कामाचा मान आहे. जळालेलं घर दाखवणारा आग लावणारा नसतो. ज्याला त्या शब्दांचं काहीच वाटत नाही, तो एवढी अक्षरं हाताने लिहीत बसणार नाही.

मांडणशिल्प म्हणजे नेमकं काय? चित्र का नाही काढत सरळ?

इंग्रजीत ज्याला इन्स्टॉलेशन म्हणतात त्याला मराठीत मांडणशिल्प हा छान शब्द रुळला आहे. गणपतीची आरास आठवा. मूर्ती, पडदे, दिवे, आवाज, आणि आपण चालत जाण्याची वाट, हे सगळं मिळून एक अनुभव तयार होतो. त्यात आपण आत असतो, बाहेरून बघत नसतो.

नलिनी मालानी यांचा जन्म १९४६ मध्ये कराचीत झाला. फाळणीने कुटुंब आधी कोलकात्यात आणि मग मुंबईत आलं. जे. जे. कला महाविद्यालयात शिकून त्या चित्रकार झाल्या. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, पाठोपाठ पाकिस्तानने केल्या. त्यानंतर त्यांनी उर्दू कथाकार मंटोच्या ‘टोबा टेकसिंग’ या कथेची आठवण काढणारं मांडणशिल्प केलं. फाळणीनंतर वेड्यांचीसुद्धा वाटणी करायचं ठरतं, आणि एक म्हातारा दोन देशांमधल्या पट्टीत आडवा पडतो, ती गोष्ट. मालानींच्या कामात जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका आहेत आणि त्यांच्या आत छोटे पडदे. निर्वासितांची चित्रं त्या ट्रंकांत चालू असतात. समोर अणुस्फोट. आणि समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन बाया, एकच साडी दोन टोकांनी धरून घडी घालू बघतात. मधे आपण उभे. घरी आईबरोबर साडीची घडी घातलेल्या कुणालाही कळतं की ही घडी पुरी होणार नाही, कारण दोघींना जवळच येता येत नाही. हे काम १९९९ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, लोकांसमोर आलं. रांगेने येणारे पर्यटक आणि शाळेच्या सहली ज्या इमारतीत येतात तिथे. सपाट चित्रात ही साडी मावली असती का? मला नाही वाटत.

फाळणीवर एवढी वर्षं उलटल्यावरही काम का चालू आहे?

कारण रेषा अजून जागेवर आहे. ब्रिटिश वकील रॅडक्लिफ यांनी आखलेली सीमा १७ ऑगस्ट १९४७ रोजी जाहीर झाली, स्वातंत्र्याच्या दोन दिवस नंतर. आपण कुठल्या देशात आहोत हे न कळताच कितीतरी गावांनी स्वातंत्र्यदिन साजरा केला.

अलीगढमध्ये जन्मलेल्या आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये राहिलेल्या झरीना यांनी २००१ मध्ये एक वुडकट, म्हणजे कोरलेल्या लाकडी ठशावरून छापलेलं चित्र, केला, ‘डिव्हायडिंग लाइन’. पांढऱ्या कागदावर एक काळी वेडीवाकडी रेघ. गावाचं नाव नाही, नदी नाही, रंग नाही. त्यांचं कुटुंब पुढे पाकिस्तानात गेलं. ज्याला इतिहास माहीत नाही त्याला ती भेग वाटेल, ज्याला माहीत आहे त्याला घर आठवेल. ती रेघ राखून बाकीचं लाकूड कोरताना सुरी किती वेळ चालली असेल, हे मला दर वेळी मनात येतं. लंडनमधल्या टेबलावर आखायला त्याहून कमी वेळ लागला असेल, असं लिहिणार होते, पण रॅडक्लिफ ती आखायला भारतातच आले होते. पाच आठवड्यांत त्यांनी ती आखली.

मुंबईच्या शिल्पा गुप्ता वेगळ्या वाटेने जातात. त्यांच्या एका कामाचं नाव ‘१:१४.९’ आहे, आणि ते म्हणजे काचेच्या पेटीत ठेवलेला दोऱ्याचा गुंडा. भारत-पाकिस्तान सीमेवरच्या कुंपणाची लांबी त्या गुणोत्तरात लहान केली आणि तेवढा दोरा हाताने गुंडाळला. जे कुंपण रात्री दिव्यांनी उजळलेलं असतं, ते इथे ओंजळीत मावेल असं वाटतं. त्यांच्या नकाशांच्या कामाबद्दल शेवटी लिहिते, त्याच्याशी आमच्या वर्गाचं नातं आहे.

मुंबईच्या कलेत १९९२-९३ नंतर खरंच काही बदललं का?

बदललं, आणि माझ्या मते हा या सगळ्या विषयाचा कणा आहे.

मुंबईच्या चित्रकारांना हिंसा नवी नव्हती. तैयब मेहता यांनी १९४७ च्या दंगलीत महंमद अली रोडवर एका माणसाला जमावाने ठार मारताना खिडकीतून पाहिलं होतं. त्यांच्या चित्रांतली कोसळणारी माणसं आणि पाय बांधलेला बैल पाहताना ते दृश्य मनातून जात नाही. पण ती वेदना त्यांनी कॅनव्हासच्या चौकटीत ठेवली. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत मशीद पाडली गेली, त्यानंतर डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई पेटली. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ९०० मृत्यूंची नोंद आहे. त्यानंतर अनेकांना चौकट पुरेनाशी झाली.

विवान सुंदरम यांनी वर्तमानपत्रात आलेला एक फोटो घेतला. छायाचित्रकार होशी जाल यांनी टिपलेला, रस्त्यावर पडलेल्या एका मृत माणसाचा. नाव माहीत नसलेल्या त्या माणसासाठी त्यांनी १९९३ मध्ये ‘मेमोरियल’ उभं केलं. त्याच फोटोच्या प्रती पुन्हा पुन्हा, कुठे खिळ्यांनी वेढलेल्या, कुठे काचेत ठेवलेल्या. प्रवेशाला पत्र्याच्या ट्रंकांची कमान. राजेमहाराजांना आणि सैनिकांना स्मारक मिळतं. सकाळच्या पेपरात दिसलेल्या आणि संध्याकाळी रद्दीत गेलेल्या माणसाला सुंदरम यांनी ते दिलं. हे काम मला या यादीत सगळ्यात मोठं वाटतं.

रुम्माना हुसेन यांनी फुटलेली मडकी मांडली. मग १९९५ मध्ये मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारात त्यांनी स्वतःच्या देहानेच सादरीकरण केलं, हातात अर्धी कापलेली पपई आणि उघडं तोंड, ज्यातून आवाज बाहेर पडत नाही. मुस्लीम आणि स्त्री म्हणून आपल्याच शहरात परकं होणं काय असतं, ते त्यांनी असं दाखवलं. १९९९ मध्ये त्या गेल्या, वय पन्नाशीच्या आतलं.

आणि घाटकोपरचे अतुल दोडिया. कॅनव्हासवरून ते शटरवर आले. लोखंडी, गोल गुंडाळलं जाणारं, आपल्या प्रत्येक किराणा दुकानाला असतं तसंच. बाहेर एक चित्र, शटर वर ओढलं की आत दुसरं. त्यांच्या एका शटरवर महालक्ष्मी आहे. वर ओढलं की आत तीन बहिणी गळफास घेतलेल्या दिसतात, हुंड्यापायी जीव दिलेल्या. शटर खाली येण्याचा तो खडखडाट मुंबईकराच्या पोटात गोळा आणतो, ज्याने ते महिने पाहिले आहेत त्याच्या तर नक्कीच. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २००१ साली विसाव्या शतकातल्या नऊ शहरांवर प्रदर्शन झालं. त्यात मुंबईचा भाग गीता कपूर आणि आशिष राजाध्यक्ष यांनी मांडला आणि दोडियांची शटरं तिथे गेली.

स्वातंत्र्याआधीच्या चित्रकारांनी हे केलं नव्हतं का?

केलं होतं, पण तेव्हा देश घडवायचा होता. नंदलाल बोस यांनी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी शेतकरी, सुतार, ढोलकीवाले, दळणारी बाई असे फलक केले. मंडपात येणाऱ्या खेडुताने स्वतःला भिंतीवर पाहावं म्हणून. पुढे भारताच्या राज्यघटनेची मूळ हस्तलिखित प्रत त्यांनी आणि शांतिनिकेतनच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी सजवली. निवडणुकांच्या भागावर शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत, हे मी मुलांना आवर्जून दाखवते. इंग्रजी प्रतीचं सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचं, हिंदी प्रतीचं वसंत कृष्ण वैद्य यांचं.

त्याच काळात चित्तप्रसाद होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातली हाडांचा सापळा झालेली माणसं त्यांनी जागेवर जाऊन काळ्या शाईत काढली. त्या चित्रांचं पुस्तक ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळलं. नंतरची वर्षं त्यांनी अंधेरीतल्या एका खोलीत काढली. नंदलालबाबूंनी देशाचं स्वप्न रंगवलं आणि चित्तप्रसादांनी देशाची भूक. आजच्या चित्रकारांच्या अंगात दोघांचं रक्त आहे.

या सगळ्यात महाराष्ट्र कुठे आहे? हे तर दिल्लीचं आणि मोठमोठ्या भाषणांचं झालं.

योग्य टोकलंत. देश म्हणजे फक्त मध्यरात्रीचं भाषण नाही. गिरणीचा भोंगा हाही देशाचा इतिहास आहे.

सुधीर पटवर्धन पुण्यात जन्मले, डॉक्टर झाले आणि ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षं काम करत चित्रं काढत राहिले. लोकलमधली माणसं, इराण्याच्या हॉटेलात एकटा बसलेला गृहस्थ, झोपडपट्टीच्या वर उगवणारे मजले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांचं आयुष्य उलटंपालटं केलं. पटवर्धनांच्या २००१ च्या ‘लोअर परळ’ चित्रात त्याच गिरणगावातलं बदलणं दिसतं. त्यात कुणी घोषणा देत नाही. माणसं आपापल्या वाटेने चाललेली आहेत आणि शहर त्यांच्या डोक्यावरून चाललं आहे. चित्रासमोर आमच्या गटातल्या एका वहिनींनी फक्त एवढंच म्हटलं, हे आमचे बाबा चालायचे तसे चालतायत.

प्रभाकर पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे. घरातल्या पिढ्या कोळशाच्या खाणीत राबलेल्या, आणि हा मुलगा कोळशानेच चित्र काढतो. भिंतभर, थेट. माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी अवजार, कुठे यंत्र, कुठे नुसताच दिवा. प्रदर्शन संपलं की भिंत पुसली जाते. खाणीत गेलेली जमीन परत येत नाही, भिंतीवरचं चित्रही येत नाही. २०२१ मध्ये वेल्समधला आर्टेस मुंडी हा मोठा पुरस्कार त्या वर्षीच्या सहा कलावंतांना मिळून दिला गेला, त्यांतले ते एक.

अमोल पाटील यांच्या घरी आजोबा पोवाडे रचणारे, वडील नाटककार. कामगार वस्तीतल्या आवाजाची ही पुंजी घेऊन ते २०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेलला डॉक्युमेंटा प्रदर्शनात गेले. पोवाडा आपल्याकडे शाहिराच्या डफावर थांबत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि एक विसरलेला उठाव. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या ‘तलवार’ या तळावर नौसैनिकांनी काम बंद केलं. पाहता पाहता ७८ जहाजं सामील झाली. मुंबईच्या रस्त्यांवर कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले, गोळीबार झाला, आणि २३ तारखेला नेत्यांच्या सांगण्यावरून सैनिकांनी शरणागती पत्करली. पाठ्यपुस्तकात याला चार ओळी मिळतात. सुंदरम यांनी २०१७ मध्ये याच शहरातल्या वस्तुसंग्रहालयात जहाजाच्या पोटासारखं एक धातूचं दालन उभारलं. आत अंधारात बसायचं आणि त्या पाच दिवसांचे आवाज ऐकायचे. गेटवेपासून चालत दहा मिनिटांवर.

बाबासाहेब आणि दलित इतिहास या कलेत कसा येतो?

निळा सूट, हातात राज्यघटना, उंचावलेलं बोट. ही प्रतिमा कुठल्याही कलादालनाने घडवलेली नाही. ती वस्त्यांनी, चौकांनी आणि चैत्यभूमीबाहेरच्या विक्रेत्यांनी घडवली. संसदेच्या आवारातला बाबासाहेबांचा पुतळा ब्रह्मेश वाघ यांचा, १९६७ चा. या देशातली सगळ्यात लोकांची म्हणावी अशी प्रतिमा बाबासाहेबांची आहे, आणि कलेच्या इतिहासाने तिच्याकडे उशिरा पाहिलं, हे मला सलतं.

कलादालनात हा इतिहास ज्यांनी धाडसाने आणला त्यांत नागपूरचे सवी सावरकर आधीचे. त्यांच्या मुद्राचित्रांत पेशवाईतला अस्पृश्य येतो, गळ्यात थुंकीसाठी मडकं, कमरेला पावलं पुसायला झाडू. देवदासी येतात. रेषा ओरखड्यासारखी आहे, बघणाऱ्याला ती सोडत नाही. त्यानंतरच्या पिढीत विक्रोळीचे विक्रांत भिसे. महाडचं पाणी, दलित पँथर, नामांतराची चळवळ हे त्यांचे विषय. मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदलायला ठरावानंतर जवळपास सोळा वर्षं गेली, जुलै १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत. दिलेला शब्द पाळायला किती काळ लागतो आणि तो कोण मोजतो, हे पाहायचं तर या चित्रांसमोर उभं राहा.

देशाबद्दल असं काम करणं देशविरोधी ठरत नाही का?

मकबूल फिदा हुसेन पंढरपूरला जन्मले. मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवत मोठे झाले. स्त्रीदेहाच्या आकारात भारताचा नकाशा दाखवणाऱ्या त्यांच्या चित्रावरून खटले झाले. ८ मे २००८ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केले, न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी. तरी हुसेन परतले नाहीत. २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं, ९ जून २०११ ला लंडनमध्ये गेले. न्यायालयात जिंकलेला माणूस घरी येऊ शकला नाही.

ते चित्र तुम्हाला आवडावं असं माझं म्हणणं नाही. आवडलं नाही तर तसं बोला, लिहा, त्यासमोरून निघून जा. पण आपल्या घरातल्या चुका घरातलाच माणूस पोटतिडकीने दाखवतो. परक्याला काय पडलंय? सफदर हाश्मी १९८९ च्या पहिल्या दिवशी साहिबाबादजवळ पथनाट्य करत असताना मारेकऱ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यानंतर देशभरचे चित्रकार, लेखक, नट ‘सहमत’ या मंचावर एकत्र आले. ही माणसं देशाशी भांडत होती ती देश आपला आहे म्हणून.

खरं सांगा, हे तर मलाही जमलं असतं?

दोरा गुंडाळणं जमलं असतं. सीमेच्या कुंपणाचा दोरा करायचं सुचलं असतं का, ते स्वतःला विचारा. आणि सुचलं तर जरूर करा.

गोव्यात काही आहे का?

पिळर्णला ‘म्युझियम ऑफ गोवा’ आहे, २०१५ पासून. डॉक्टरकी सोडून कलेत आलेल्या सुबोध केरकर यांनी उभारलेलं. पोर्तुगीज काळ, समुद्र, जहाजातून आलेली मिरची, यांतून गोव्याची ओळख कशी घडली ते तिथे वस्तूंमधून दिसतं. गोव्याचा देशाशी जोडला जाण्याचा क्षण १९६१ चा आहे, त्यामुळे ‘मध्यरात्रीचं स्वातंत्र्य’ ही तिथली आठवणच नाही. हे कोकणात किंवा घाटावर राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

मुंबईत नेमकं कुठे जायचं? तिकीट लागतं का?

जहांगीर कलादालनात तिकीट नाही. समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, सर कावसजी जहांगीर सभागृहात, तिथे माफक तिकीट आहे. पटवर्धनांच्या आजवरच्या कामाचं मोठं सिंहावलोकन प्रदर्शन २०१९-२० मध्ये इथेच झालं. फोर्ट आणि कुलाब्यातली खासगी कलादालनं विनामूल्य असतात. दार बंद दिसलं तरी बेल वाजवायची, आत घेतात. लोक तिथे जायला बिचकतात, उगाचच. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही आजच्या कलावंतांना जुन्या कपाटांमध्ये काम मांडायला बोलावत आलं आहे. जाण्याआधी काय चालू आहे ते बघून निघा, कारण ही प्रदर्शनं कायमची नसतात.

लहान मुलांना न्यावं का? त्यांना काय सांगायचं?

न्या. आधी काही सांगू नका. भिंतीवरचा मजकूर शेवटी वाचा. ‘काय दिसतंय?’ एवढंच विचारा. ‘म्हणजे काय?’ हा प्रश्न त्यांच्याकडून येऊ द्या. हिंसेचे फोटो असलेल्या दालनात तुम्ही आधी एक चक्कर मारून या, मग ठरवा.

शिल्पा गुप्तांनी २००८ च्या सुमारास शंभर जणांना आपल्या देशाचा नकाशा आठवून हाताने काढायला सांगितलं. एकाचा दुसऱ्याशी जुळेना. मागच्या वर्षी मी आठवीच्या वर्गात तेच केलं. पुस्तकं बंद, पेन्सिल, दहा मिनिटं. गुजरातचा जबडा बहुतेकांना आला, दक्षिणेचं टोकही आलं. ईशान्य भारत बऱ्याच कागदांवर नव्हताच. श्रीलंकेचा थेंब मात्र सगळ्यांनी काढला. एका मुलीचे वडील लष्करात आहेत, तिने वरची बाजू फार जपून काढली आणि खोडून पुन्हा काढली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने रायगड, कल्याण, विक्रोळी आणि दादर एवढंच काढलं, मधे रूळ, आणि खाली लिहिलं, ‘भारत’. मी विचारलं, बाकीचा कुठे आहे? तो म्हणाला, बाई, तिकडे आम्ही अजून गेलो नाही.

ते नकाशे अजून वर्गाच्या भिंतीवर आहेत. पालकसभेला आलेली मंडळी आपलं मूल कोणतं ते शोधत त्यांच्यासमोर बराच वेळ उभी राहतात.